मैदानाच्या सहा फेऱ्या

हैदराबाद
आश्विन शु. १२, शके १८६६

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप बंडप्पा काकांस, गिरिजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

अक्षर मोठं काढलं आहे. मे महिन्यात मी तुम्हांला जेवढं शिकवलं तेवढ्यात हे पत्र वाचता यावं, कारण ते तुम्हीच वाचायचं आहे. अप्पांना किंवा अव्वाला इतक्यात वाचून दाखवू नये.

मी सुखरूप पोचले. उमरग्याहून निघालेली कोळशाच्या गॅसची मोटार दोनदा चढावर थांबली आणि आम्ही सगळ्यांनी उतरून ती ढकलली. म्हणजे इतरांनी ढकलली. मी हात लावला एवढंच, आणि तरी धाप लागली. तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

या सालापासून शिक्षिकांच्या परीक्षेत कवायतीचा विषय सक्तीचा झाला आहे. त्यात नापास होणारीला सनद नाही, बाकी सगळ्या विषयांत पहिली आली तरी नाही. मैदानाच्या सहा फेऱ्या न थांबता चौदा मिनिटांत धावायच्या, वजन उचलायचं, लेझीम दहा मिनिटं थांबू न देता खेळायचं, पाय ताठ ठेवून बोटं अंगठ्याला लावायची, आणि डॉक्टरीणबाई वजन करणार. काल चाचणी झाली. मी पाऊण फेरीत खाली बसले. बावीस जणींत सर्वांत आधी बसणारी मीच.

आपल्या मुरुमला मुलींची शाळा मंजूर होऊन पडून आहे, ती शिकवणारी बाई नाही म्हणून. उन्हाळ्यापर्यंत सनदवाली बाई मिळाली नाही तर मंजुरी रद्द होणार, हे अप्पांनी तहसिलीत विचारून आणलं होतं. ती बाई मी व्हायची आहे. आणि मला पाऊण फेरी धावता येत नाही. तुम्ही तीस वर्षं तालीम चालवता. वस्ताद म्हणून काय करू ते कळवा.

आईचा जीव आहे, म्हणून अव्वाला माझी प्रकृती उत्तम आहे असं सांगावं. खोटं सांगायला लावते याची क्षमा असावी.

तुमच्या आशीर्वादावर उभी असलेली,
गिरिजा

•

मुरुम
आश्विन व. ६

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

चि. गिरिजास बंडप्पाचे लई आशीर्वाद.

पत्र म्या एकट्यानं वाचलं. दीड दिवस लागला, पन कुनाला इचारलं न्हाय. तुझ्या अव्वानं काय लिहिलंय म्हनून तीनदा इचारलं. पोरगी खुशाल हाय, मोटार ढकलीत गेली, म्हनून सांगितलं. तिला ते खरं वाटलं न्हाय आनि तेवढंच खरं व्हतं.

आता वस्तादाचं ऐक. माणसाला ताकद आली की बाकीचं समदं मागनं येतं. पैल्या दिशी पंचवीस बैठका. रोज पाच वाढवायच्या. सकाळी दहा बदाम भिजवून, चावून खायाचे, गिळायचे न्हाईत. मोटारवाल्यासंगं बदाम आनि तुपाचा डबा धाडला हाय. तू मला अक्षरं गिरवाय लावताना येक येल्हांटी चुकली तरी पाटी पुसाय लावायचीस. आता माझी पाळी हाय. येक बैठक कमी झाली तर मला लिहून कळवायचं.

तुझा काका आनि आता तुझा वस्ताद,
बंडप्पा

•

हैदराबाद
कार्तिक व. २

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलंत त्यात एकही बैठक कमी केली नाही. पंचवीसपासून एकशे वीसपर्यंत गेले. मधे एकदा मोजणीत चुकल्याची शंका आली म्हणून त्या दिवशी दहा जास्त काढल्या. बदाम रोज दहा, चावून. तुपाबद्दल मात्र सांगायचं राहिलं आहे, ते पुढं लिहीन.

वजन मी आता उचलते. चाचणीत पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या एका दमात उचलल्या, तेव्हा माझ्याच खोलीतल्या धुरपदाबाई, त्या परंड्याजवळच्या सोनारी गावच्या, म्हणाल्या की तालमीतली बाई दिसते. पण त्यानंतर धावले ती अर्ध्या फेरीतच बसले. म्हणजे पहिल्यापेक्षा कमी. डावा गुडघा सुजला आहे आणि वाकायला गेलं तर बोटं गुडघ्याच्या खाली जात नाहीत.

आमच्या कवायतीच्या रुद्रम्मा बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना आपली घरची कानडी येते, म्हणून मी घाबरले तरी बोलू शकले. कुणी सांगितलं इतक्या बैठका काढायला, असं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, वस्तादांना माझा नमस्कार कळव आणि सांग की त्यांनी पाचांतलं एकच दिलं. एकदा जोर लावून उचलणं ते बळ. पण काळीज आणि फुप्फुसं किती वेळ साथ देतात तो दम वेगळा. कमी मेहनतीचं काम पुन्हा पुन्हा करत राहण्याचा टिकाव वेगळा. सांधे मोकळे असणं वेगळं. आणि अंगावर हाडामासाचं प्रमाण बरोबर असणं, तेही वेगळं. एक वाढलं म्हणून दुसरं वाढत नाही. मग विचारलं, पोर विहिरीत पडली तर तिला वर ओढायला बळ लागेल, पण विहिरीपर्यंत पोचशील कशी.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. चौऱ्याऐंशी पौंड. माझ्या उंचीला निदान पंच्याण्णव हवं.

रागावू नये. मी तुमचं सगळं ऐकलं आणि तरी असं झालं, एवढंच कळवते.

आज्ञेतली,
गिरिजा

•

मुरुम
मार्गशीर्ष शु. ३

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

चि. गिरिजास आशीर्वाद.

पत्र वाचून म्या दोन दिवस तालमीतली माती येकटाच खोदीत बसलो. तीस साल वस्तादकी केली आनि येक बाई म्हनती पाचांतलं येकच. तिसऱ्या दिशी म्हनलं, बघूच.

आपला ईरण्णा तुला ठाव हाय. उमरग्याच्या जत्रंत समोर जोड उरला न्हाय त्याला. त्याला आनि बाकीच्या चौघा पैलवानांना म्हनलं, तालमीपास्न नदीपातूर पळत जाऊन यायाचं. म्याबी निघालो. ईरण्णा वाटंतल्या बांधावर बसला. बाकीचे त्याच्यासंगं बसले, वस्ताद येकटा कशाला म्हनून म्या बी बसलो. तेवढ्यात दूधवाली सिताबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन वस्तीवरनं आली. आमाला बघून उभी ऱ्हायली आनि कोन वारलं म्हनून इचारलं. मग न थांबता गावात गेली, दूध घालून, परत वस्तीला गेली. आमी तिथंच.

परत आल्यावर पायाला हात लावून बघितलं. ईरण्णाचा हात गुडघ्यावर. माझा त्याच्याबी वर. मधी पोट हाय.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. म्हनावं वस्ताद चुकला. हे वाक्य लिवायला मला लई येळ लागला, त्यात जोडाक्षर हाय म्हनून न्हाय.

बैठका बंद. बाई सांगतील ते कर. येळवसंच्या अवसंला, शेतातल्या पूजंला, सुट्टी मिळती का बघ. अव्वा वाट बघती. गुडघ्याचं तिला आजून सांगितलं न्हाय.

तुझा,
बंडप्पा काका

•

मुरुम
पौष शु. ६

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. गिरिजास अव्वा गौराबाईचे अनेक आशीर्वाद. मी सांगते आणि तुझा काका लिहितो. (जसं सांगतील तसं लिहितो. बंडप्पा.)

तू येळवसंला येऊन गेलीस, पण जाताना माझ्याशी धड बोलली नाहीस. मीही बोलले नाही. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी शेताला निघताना आंबिलानं भरलेली घागर, पूजेचं बिंदगं, मी डोक्यावर घेतलं. आपल्या घरात ते शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजेलाच उतरवायचं असतं, वाटेत टेकवायचं नसतं. तू ओढ्याजवळ हट्ट धरलास की मला दे. मी दिलं. तू शंभर पावलं गेलीस आणि तुझी मान थरथरायला लागली. खाली ठेवता येत नव्हतं आणि पुढं नेता येत नव्हतं. शेवटी तुझ्या काकानं ते आपल्या डोक्यावर घेतलं. (सांडलं न्हाय.) सगळ्या वाटेवरच्या बायकांनी बघितलं. तुझी आत्या शांताक्का मोठ्यानं म्हणाली की शाळेनं पोरीचं पाणी केलं.

चार दिवस विचार करते आहे. शाळेनं नाही केलं. मी केलं.

तुला सातव्या वर्षी शाळेत घातलं. आपल्या घरात त्याआधी कुणी पाटी धरली नव्हती. मला वाटलं, लिहिणाऱ्या हाताला घट्टे पडू नयेत. तुला कधी घागर उचलू दिली नाही. जात्याला हात लावू दिला नाही. शेताला जाताना तू बैलगाडीत, मी चालत. पाणी प्यायचं तरी भिंतीला टेकून बसलेल्या तुला मी हातात आणून दिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमची पोर शिकते. त्याचा मला अभिमान वाटायचा. आज कळतं की मी तुला जपता जपता बसवून ठेवलं. काका म्हणतात ते पाचही माझ्या अंगात आहेत आणि मला अक्षर येत नाही. तुला अक्षर येतं आणि अंगात एकही नाही. दोन्ही एका बाईत का असू नयेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता वाईट बातमी. त्या दिवसानंतर शाळेच्या दरखास्तीला जोडलेल्या यादीतून तीन बापांनी आपल्या मुलींची नावं काढून घेतली. शिकून पोरी अशा होणार असतील तर नको, म्हणाले. बावीस होती, एकोणीस राहिली. मंजुरीच्या हुकुमात वीस लागतात.

नावांचं मी बघते. त्या तीन घरी मी रोज जाईन. मला चालायचा दम आहे. तुझं तू बघ. तिथं आडावरचं पाणी तू स्वतः भर. बाई सांगतील ते खा आणि जेवढं खाशील तेवढंच लिही.

तुझी,
अव्वा

(लिहिताना त्या मधी उठून चुलीकडं जाऊन बसल्या व्हत्या. किती येळ ते लिहू नको म्हनाल्या. बंडप्पा.)

•

हैदराबाद
माघ शु. ९

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप अव्वाच्या चरणी गिरिजाचा साष्टांग नमस्कार. काकांनी हे हळूहळू वाचून दाखवावं, घाईत दोन ओळी गाळू नयेत.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवत नाही, पेटीत ठेवते. उशीखाली ठेवलं तर झोप येत नाही.

आधी कबुली. काकांनी पाठवलेलं तूप मी खाल्लं नव्हतं. घरी एवढा खर्च माझ्यावर आणि मी पाऊण फेरीत बसते, म्हणून ते मी खोलीतल्या सगळ्यांना वाटलं. तुला मात्र जेवण व्यवस्थित चाललं आहे असं लिहीत राहिले. रुद्रम्मा बाईंना हे धुरपदाबाईंनी सांगितलं. बाई म्हणाल्या की उपाशी राहून कुणाचे उपकार फिटत नाहीत. आता दोन्ही वेळा भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, सकाळी दूध. काल वजन एक्क्याण्णव भरलं.

बाईंनी मला धावायलाच दिलं नाही, आधी पंधरा दिवस नुसतं भरभर चालवलं. मग एक फेरी चालायची, अर्धी धावायची. त्यांचा नियम असा, की धावताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. धुरपदाबाई शेजारून धावतात आणि सोनारीच्या जत्रेच्या इतक्या गोष्टी सांगतात की मला बोलायची वेळच येत नाही. म्हणून मी मनात बारा आणि तेराचे पाढे म्हणते. पाढा तुटला की वेग कमी करते.

आडावरचं पाणी आम्ही दोघी भरतो. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले. आता घट्टे आहेत. तू बघितलेस तर रडशील, म्हणून आधीच सांगते की लिहिताना ते मुळीच दुखत नाहीत.

दर चौथ्या दिवशी विश्रांती असते. मी ती घेत नव्हते. लपून मैदानावर जायची. बाईंनी पकडलं आणि माझे जोडे आपल्या कपाटात ठेवले. अंग कामानं नुसतं थकतं, वाढतं ते विश्रांतीत, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजून पटत नाही, पण मी पाळते.

बोटं घोट्यापर्यंत पोचली आहेत. चार फेऱ्या होतात. पाचवीत पाढा तुटतो. परीक्षेला पाच आठवडे आहेत.

त्या तीन घरी काय झालं ते कळव. वाईट असलं तरी कळव.

तुझीच,
गिरिजा

•

मुरुम
माघ व. ७

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

चि. गिरिजास आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो, हात दुखतो. दोन नावं परत आली. येकवीस झाली. तिसऱ्या घरचे शरणबसप्पा म्हनतात, आधी तुमची पोर पास होऊ द्या. अव्वा म्हनाल्या, बरं, मग तवर मी रोज येती. तो आता मागच्या दारानं बाहेर जातो.

तालमीत रोज नदीपातूर पळनं सुरू हाय. म्या आता बांधाच्या पुढं जातो.

तुझा,
बंडप्पा काका

•

हैदराबाद
फाल्गुन व. ४

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप अप्पा, अव्वा आणि काका यांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

पास झाले. पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण नमस्कार आधी लिहायची सवय आहे.

आता नीट सांगते. परीक्षेला बाहेरच्या तपासनीस बाई आल्या होत्या. वजन सत्त्याण्णव भरलं. बादल्या उचलल्या. लेझीम दहा मिनिटं खेळले, आठव्या मिनिटाला खांदे जड झाले पण हात खाली आले नाहीत. पायाच्या अंगठ्याला बोटं लागली आणि त्याच्याही पुढं दोन बोटांइतकी गेली. तपासनीस बाईंनी पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा गेली.

शेवटी फेऱ्या. आम्हां चौघींना एकदम सोडलं. तपासनीस बाई फेऱ्या मोजायला डाव्या हातात सहा खडे घेऊन उभ्या होत्या. एक फेरी झाली की एक खडा खाली टाकायचा. मी पाढे म्हणत धावत होते. दोन, तीन, चार. पाचवीला पाढा तुटला नाही, तेव्हा मला कळलं की आज होणार. पाचवी पूर्ण होताच बाईंनी हात वर करून थांबा म्हटलं. तिघी थांबल्या. मी मात्र पाचच मोजल्या होत्या. माझीच चूक असेल असं मनात आलं, कारण एरवी असतेच. पण दर फेरीला एकच पाढा पुन्हा पुन्हा म्हणायचा हा माझा नेम; पंधरा ते एकोणीस असे पाच पाढे संपले होते, विसाचा अजून सुरू व्हायचा होता. मी थांबले नाही. मागून ओरडणं ऐकू आलं. रुद्रम्मा बाईही ओरडल्या. मी विसाचा पाढा म्हणत पूर्ण चक्कर मारून आले. घड्याळात तेरा मिनिटं आणि वर थोडं झालं होतं.

तपासनीस बाई रागावल्या होत्या. हुकूम का मोडला म्हणून विचारलं. मी म्हणाले, बाई, पाचच झाल्या होत्या, सहावीशिवाय सनद घेतली असती तर ती माझी नसती. आणि हे सगळं मी न थांबता, धाप न लागता म्हणाले. रुद्रम्मा बाईंच्या ते लक्षात आलं. त्या दुसरीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मग खड्यांचा शोध झाला. पहिला खडा तपासनीस बाईंनी आम्हांला सोडतानाच खाली टाकला होता. त्यांनी ते मान्य केलं आणि माझ्या कागदावर स्वतः शेरा लिहिला.

उरलेल्या तिघींना दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाच्या सहा धावाव्या लागल्या. तिघीही पास झाल्या, पण त्यांतल्या धुरपदाबाईंनी दोन दिवस आडावरचं पाणी मला एकटीलाच भरायला लावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की तू मुरुमची, आपल्याच जिल्ह्याची, म्हणून सोडते.

सनदेचा कागद माझ्या हातात आहे. शरणबसप्पांना मागच्या दारानं जायची गरज नाही, असं अव्वानं सांगावं.

लवकरच घरी पोचणारी, तुमची,
गिरिजा

•

मुरुम
ज्येष्ठ शु. ११, शके १८६७

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

सौभाग्यवती धुरपदाबाईंस गिरिजाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. परंड्याच्या शाळेत तुम्ही रुजू झालात हे वाचून आनंद झाला. तुमच्या वर्गातल्या मुली तुमच्या गोष्टी ऐकून धावतात की धावून गोष्टी ऐकतात, ते कळवा.

आमची शाळा सोमवारी उघडली. दरखास्तीत बावीस नावं होती, दारात सव्वीस मुली आल्या. शरणबसप्पांनी एक नाव परत दिलं आणि बरोबर त्यांच्या भावाची मुलगीही पाठवली.

अडचण तिसऱ्या दिवशी आली. मी मुलींना सकाळी मैदानात नेलं आणि शाळेचं पिण्याचं पाणी त्यांनीच आडावरून आणायचं, असं सांगितलं. दुपारी पाच-सहा जणींचे बाप ओट्यावर. म्हणाले, पोरी शिकायला पाठवल्या, पळायला आणि पाणी भरायला नाही. तेवढं काम घरी आहेच, त्यातून सुटावं म्हणून तर शाळा. तुम्ही ओळखताच मला; मी रुद्रम्मा बाईंचे पाचही मुद्दे सांगायला तोंड उघडलं आणि तिसऱ्यातच अडखळले.

तेव्हा माझी अव्वा, जी शाळेत भाकरी द्यायला आली होती, पुढं झाली. ती म्हणाली की शिकणाऱ्या पोरीला बसवून कसं ठेवायचं ते तिच्याइतकं या गावात कुणाला येत नाही. दहा वर्षं तिनं ते केलं आहे, आणि त्याचं काय झालं ते येळवसंला सगळ्या गावानं बघितलं आहे. ज्याला आपली पोर तशी हवी असेल त्यानं आत्ता तिला घरी न्यावं, ती स्वतः पोचवून येईल. मग तिनं प्रत्येकाकडं आळीपाळीनं बघितलं. कुणी नेली नाही. शरणबसप्पा तर म्हणाले की त्यांची पोर जरा जास्तच जाड आहे, तिला दोन फेऱ्या वाढवा. मी म्हणाले तसं करता येत नाही, सगळ्यांना सारखं, आणि हळूहळू.

काकांनी तालमीपुढची मोकळी जागा आम्हांला सकाळी वापरायला दिली आहे. त्या वेळात पैलवान नदीकडं पळायला जातात.

आज पहिल्यांदा सगळ्या मुलींनी एक फेरी पूर्ण केली. मी पदर खोचून पुढं होते. अर्ध्या वाटेवर रुद्रम्मा नावाची आठ वर्षांची एक पोर (नाव ऐकून मला आधी भीतीच वाटली होती) माझ्या शेजारी आली, मी मोठ्यानं म्हणत होते तोच तेराचा पाढा माझ्यामागून म्हणत, आणि मला मागं टाकून निघून गेली. मुली पुढं जाऊ लागल्या की शिक्षिकेनं त्यांना जिंकू द्यावं, असं आपल्याला कुठल्याशा पुस्तकात शिकवलं होतं. म्हणून हे स्पष्ट लिहिते, म्हणजे माझ्या मनावर राहणार नाही: मी तिला मुद्दाम जिंकू दिलं नाही. मी जीव तोडून धावत होते, तरी ती पुढं गेली.

तुमच्या आठवणीत रोज एक फेरी जास्त धावणारी,
गिरिजा